पेशीतील सुताची गुंडाळी : विकरे आणि स्तनाचा कर्करोग

कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी हे नगर यंत्रमागांसाठी सर्व महाराष्ट्राला परिचित आहे. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली येथे यंत्रमाग सुरू केला आणि पुढे या नगराचा सारा संसार सुतावर उभा राहिला. मागावर कापड विणण्यापूर्वी सूत कांडीवर गुंडाळावे लागते. हे काम बहुधा स्त्रियाच करतात. कांडीवर सूत एकसारख्या ताणाने बसले, तर धोट्यातून ते सुरळीत सुटते. ते फार घट्ट बसले तर अडते आणि सैल पडले तर गुंता होतो. सूत उत्तम असूनही केवळ गुंडाळी बिघडल्यामुळे कापड बिघडू शकते, हे या स्त्रियांना कोणी निराळे सांगावे लागत नाही.

मानवी शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असेच एक सूत असते. त्याची गुंडाळी बिघडली, तर सूत शाबूत असूनही पेशीचा कारभार बिघडतो आणि कधी कधी त्यातून कर्करोग उद्‌भवतो किंवा बळावतो, हा गेल्या काही दशकांतील जीवशास्त्राचा एक महत्त्वाचा निष्कर्ष होय. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक प्रमाणात आढळणारा कर्करोग म्हणजे स्तनाचा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात या रोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार रुग्ण दगावले. या रोगाच्या वाढीत पेशीतील गुंडाळीचा आणि ती सांभाळणाऱ्या विकरांचा वाटा कोणता, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

दोन मीटरचे सूत

पेशीतील हे सूत म्हणजे डीएनए. एका पेशीतील सर्व डीएनए सरळ ताणून एकापुढे एक जोडला, तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरेल. ज्या केंद्रकात तो राहतो त्याचा व्यास मात्र साधारणपणे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असतो. एवढे लांब सूत एवढ्या लहान जागेत मावते, ते केवळ शिस्तबद्ध गुंडाळीमुळे. हिस्टोन नावाची आठ प्रथिने एकत्र येऊन एक कांडी बनते. तिच्याभोवती डीएनएचे सुमारे पावणेदोन फेरे बसतात आणि त्यात डीएनएच्या १४७ अक्षरजोड्या सामावतात. अशा कोट्यवधी कांड्या एकामागोमाग मांडलेल्या असतात. डीएनए आणि ही प्रथिने मिळून जो पदार्थ होतो, त्याला क्रोमॅटिन असे म्हणतात. पेशीविभाजनाच्या वेळी दिसणारी गुणसूत्रे ही याच क्रोमॅटिनची अधिक घट्ट झालेली रूपे होत. कांड्यांची ही रचना रॉजर कोर्नबर्ग यांनी १९७४ साली मांडली.

परंतु गुंडाळी ही केवळ जागा वाचविण्यासाठी नसते. यकृताच्या पेशीत आणि स्तनाच्या पेशीत डीएनए एकच असतो, तरीही दोन्ही पेशी सर्वस्वी भिन्न कामे करतात. याचे कारण असे की, प्रत्येक पेशी आपल्याला हवी तेवढीच जनुके वाचते. जो भाग सैल असतो तो वाचता येतो. जो घट्ट गुंडाळलेला असतो तो मिटलेल्या पोथीप्रमाणे मूक राहतो. कोणता भाग केव्हा उघडावा आणि केव्हा मिटावा, हे ठरविण्याच्या कामी विकरांचा मोठा वाटा असतो.

विकरांचे कार्य

विकर म्हणजे एन्झाइम. स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणारे किंवा तिचा वेग वाढविणारे प्रथिन, अशी त्याची सोपी ओळख करून देता येईल. भाकरीचा घास सावकाश चावीत राहिले असता तो गोडसर लागू लागतो. लाळेतील विकर पिठूळ पदार्थाचे शर्करेत रूपांतर करते, म्हणून. अशाच प्रकारची, परंतु अत्यंत नेमके काम करणारी विकरे क्रोमॅटिनवर सतत राबत असतात.

त्यांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतील. पहिल्या वर्गातील विकरे हिस्टोन प्रथिनांवर ॲसिटिल नावाचा छोटा रासायनिक गट चिकटवितात. हिस्टोनवर धन विद्युत्भार असतो आणि डीएनएवर ऋण. म्हणून दोघे एकमेकांना धरून असतात. ॲसिटिल गट बसला की धन भार कमी होतो, पकड ढिली होते आणि त्या ठिकाणचे जनुक वाचण्यास मोकळे होते. दुसऱ्या वर्गातील विकरे हे गट काढून टाकतात व गुंडाळी पुन्हा घट्ट करतात. तिसऱ्या वर्गातील विकरे हिस्टोनवर किंवा प्रत्यक्ष डीएनएवर मिथिल गटाची खूण करतात किंवा पुसतात. ही खूण कोठे आहे, यावर जनुक उघडणार की मिटणार हे अवलंबून असते. चौथ्या वर्गातील विकरे पेशीतील ऊर्जा खर्च करून कांडीच सरकवितात, म्हणजे झाकलेला डीएनए उघडा पडतो.

ॲसिटिल गटाचा जनुकांच्या वाचनाशी संबंध असावा, ही कल्पना व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ सालीच मांडली होती. तथापि ते काम करणारी विकरे हाती लागून हा संबंध दृढ होण्यास १९९६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी डेव्हिड ॲलिस यांच्या प्रयोगशाळेने ॲसिटिल गट चिकटविणारे आणि स्टुअर्ट श्रायबर यांच्या प्रयोगशाळेने तो काढणारे विकर ओळखले. तेव्हापासून या शाखेची प्रगती झपाट्याने झाली.

मुंबईच्या प्रयोगशाळेतील उंदीर

या विषयाचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली डॉ. कमल रणदिवे यांनी संशोधनास आरंभ केला. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ यांचे शिक्षण पुण्यातच झाले. गुणसूत्रांच्या अभ्यासावर त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळविली व १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. त्यानंतर अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढविण्याचे तंत्र आत्मसात करून त्या परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली.

डॉ. रणदिवे यांनी उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगाचा दीर्घकाळ अभ्यास केला. या रोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध कसा आहे, हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता. एकच कारण शोधून थांबण्यापेक्षा अनेक कारणे एकत्र येऊन पेशी कशी बदलते हे पाहावे, ही त्यांची दृष्टी होती. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला आणि १९८२ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. २००१ साली त्यांचे निधन झाले.

उंदरांच्या काही वाणांमध्ये स्तनाच्या कर्करोगाची प्रवृत्ती मातेच्या दुधातून पिलांकडे जाते, असे जॉन बिटनर यांनी १९३६ साली दाखविले होते. पुढे हा दुधातील घटक म्हणजे एक विषाणू असल्याचे निश्चित झाले. येथे एक खुलासा आवश्यक आहे. ही गोष्ट उंदरांची आहे. मानवी मातेच्या दुधातून कर्करोग पसरत नाही. उलट बाळाला अंगावर पाजल्याने मातेला या रोगाचा धोका काही प्रमाणात कमी होतो.

हाच उंदरांचा विषाणू पुढे क्रोमॅटिनच्या अभ्यासाला उपकारक ठरला. तो आपला जनुकीय मजकूर उंदराच्या डीएनएत मिसळतो आणि तेथे तोही कांड्यांवर गुंडाळला जातो. १९८७ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले की, विषाणूच्या या मजकुराच्या आरंभीच्या भागात कांड्या ठराविक जागीच बसलेल्या असतात आणि स्टेरॉइड संप्रेरक मिळताच विशिष्ट कांडीजवळचा डीएनए उघडा पडतो. पुढे या उघडण्यामागे कांडी सरकविणारी विकरे असल्याचे स्पष्ट झाले. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठराविक पातळीला पोचले की आपोआप उघडतात, हे कोल्हापूरकरांना ठाऊक आहे. संप्रेरकाची पातळी आणि जनुकाचे दार यांचे नाते काहीसे असेच आहे.

दार बिघडते तेव्हा

स्त्रीच्या स्तनातील पेशींना इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा संदेश एका ग्राही प्रथिनामार्फत मिळतो. इस्ट्रोजेन बसलेले ग्राही डीएनएवर जाऊन ॲसिटिल गट चिकटविणाऱ्या विकरांना पाचारण करते. मग वाढीची जनुके उघडतात. स्तनाच्या कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये गाठीच्या पेशींत हे ग्राही आढळते आणि गाठीची वाढ त्यावर पोसली जाते. अनेक वर्षे वापरात असलेले टॅमॉक्सिफेन हे औषध ग्राहीवरील इस्ट्रोजेनची जागा अडविते. एवढेच नव्हे, तर स्तनाच्या पेशींत टॅमॉक्सिफेन बसलेले ग्राही ॲसिटिल गट काढणाऱ्या विकरांच्या समूहाला बोलावून आणते आणि दार मिटते. म्हणजेच क्रोमॅटिनची भाषा समजण्यापूर्वीच वैद्यकाने तिचा उपयोग करून घेतला होता.

विकरांच्या बिघाडामुळे रोग बळावण्याचे तीन मार्ग विशेष अभ्यासले गेले आहेत. पहिला, वाढीला लगाम घालणारी जनुके अवेळी मिटणे. ईझेडएच-२ हे विकर हिस्टोनवर मिथिल गटांची अशी खूण करते की, तेथील जनुक मूक होते. स्तनाच्या आक्रमक स्वरूपाच्या कर्करोगात या विकराचे प्रमाण वाढलेले असते, असे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ साली दाखविले. दुसरा मार्ग याच्या उलट, म्हणजे वाढीची जनुके प्रमाणाबाहेर उघडी राहणे. ॲसिटिल गट चिकटविणारे केएटी-६ए नावाचे विकर काही रुग्णांच्या गाठीत अतिरिक्त प्रमाणात तयार होते. ते इस्ट्रोजेनच्या ग्राहीचे जनुकच जास्त वाचावयास लावते आणि पेशीची संप्रेरकाची भूक वाढविते. तिसरा मार्ग म्हणजे ग्राहीचे जनुकच मिटून जाणे. काही पेशींत या जनुकावर मिथिल गटांची खूण होते. मग ग्राही नाहीसे होते आणि टॅमॉक्सिफेनला धरावयास काही उरत नाही. प्रयोगशाळेत अशा पेशींना ही खूण रोखणारी आणि ॲसिटिल गट टिकविणारी द्रव्ये दिली असता ग्राही पुन्हा दिसू लागल्याचे आढळले आहे.

पुण्याचे संशोधन

पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. संजीव गलांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅटबी-१ या प्रथिनाचा सखोल अभ्यास केला. हे प्रथिन स्वतः विकर नाही. क्रोमॅटिनचे वेढे जेथे बांधलेले असतात, तेथे ते खुंट्यांप्रमाणे राहते आणि विकरांना बसावयास जागा देते. या प्रथिनावर फॉस्फेटचा गट असेल, तर ते ॲसिटिल काढणाऱ्या विकराला जवळ करते व जनुके मिटतात; तो गट नसेल, तर ॲसिटिल चिकटविणाऱ्या विकराशी त्याचा संबंध येतो व जनुके उघडतात, असे या गटाने २००६ साली दाखविले. एकच खुंटी दोन परस्परविरोधी कामे कशी करते, याचा हा उलगडा होता. डॉ. गलांडे यांना २०१० साली शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले.

२००८ साली अमेरिकेतील बर्कले येथील प्रयोगशाळेने याच प्रथिनाचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध दाखविला. आक्रमक पेशींतील सॅटबी-१ कमी केले असता त्यांची आक्रमकता ओसरली आणि उंदरांमध्ये गाठींची वाढ व प्रसार रोखला गेला. नंतरच्या काही अभ्यासांचे निष्कर्ष याच्याशी जुळले नाहीत. विज्ञानाच्या वाटचालीत हे अपेक्षितच असते. एका प्रयोगावरून औषधाची घोषणा होत नाही, ती अनेक कसोट्यांतून पार पडल्यानंतरच होते.

औषधांची आशा आणि मर्यादा

डीएनएची अक्षरेच बदलली, तर ती पूर्ववत करणे आज तरी दुरापास्त आहे. परंतु क्रोमॅटिनवरील खुणा पुसता येतात, कारण त्या करणारी व पुसणारी विकरे पेशीतच असतात. विकरांना आवर घालणाऱ्या औषधांकडे वैद्यक आशेने पाहते, ते याच कारणासाठी. चीनमध्ये इस्ट्रोजेनग्राही असलेल्या, पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावर ट्युसिडिनोस्टॅट हे ॲसिटिल काढणाऱ्या विकराला रोखणारे औषध एक्झेमेस्टेन या संप्रेरकरोधक औषधाच्या जोडीने देण्यात आले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोग पुन्हा बळावण्यापूर्वीचा मध्यम काळ ३.८ महिन्यांवरून ७.४ महिन्यांवर गेला. त्याच वर्षी तेथे या उपयोगास मान्यता मिळाली. याउलट अमेरिकेत सहाशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एन्टिनोस्टॅट या तशाच औषधाने रुग्णांना अपेक्षित लाभ झाला नाही. केएटी-६ विकरांना रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्यांकडे आता संशोधकांचे लक्ष आहे.

या विसंगतीचे कारण विकरांच्या स्वभावातच आहे. एकच विकर निरोगी पेशीतही शेकडो ठिकाणी काम करीत असते. ते सर्वत्र रोखले, तर थकवा येणे, रक्तातील पेशी घटणे असे दुष्परिणाम होऊ शकतात. शिवाय गाठ जसजशी वाढते, तसतशा तिच्यातील पेशी एकमेकींहून भिन्न होत जातात. कोणाचे एक दार मिटलेले, कोणाचे दुसरे उघडे. एका औषधाने ज्या पेशी मरतात, त्यांच्या शेजारी निराळ्या खुणांच्या काही पेशी तग धरून राहतात आणि कालांतराने गाठ पुन्हा डोके वर काढते. मोठ्या व जुन्या गाठीवर उपचार कठीण का होतात, याचे एक उत्तर येथे मिळते. लहान गाठ म्हणजे केवळ कमी पेशी नव्हेत, तर कमी प्रकारच्या पेशी होत. म्हणून रोग लवकर हेरणे हा सल्ला क्रोमॅटिनच्या शास्त्रालाही धरूनच आहे.

वेळेचे मोल

लवकर हेरण्याचा लाभ मुंबईतील एका प्रदीर्घ अभ्यासाने मोजून दाखविला आहे. टाटा स्मारक रुग्णालयातर्फे १९९८ साली सुरू झालेल्या या अभ्यासात ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांचा समावेश होता. त्यांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने स्तनतपासणी केली. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तपासणी झालेल्या गटात रोग तुलनेने अलीकडच्या अवस्थेत सापडला आणि ५० वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून कमी वयाच्या स्त्रियांमध्ये मात्र मृत्यूंत अशी घट दिसली नाही. या तपासणीस महागडे यंत्र लागले नाही. लागले ते शिकविलेले हात आणि नियमितपणा.

असांसर्गिक रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ३० वर्षांवरील स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी करण्याची तरतूद आहे. उपकेंद्रातील आरोग्यसेविका आणि गावातील आशा कार्यकर्ती यांच्याकडे त्यासाठी विचारणा करता येते. पुढील तपासणीसाठी कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे जिल्ह्याला परिचित असलेला थोरला दवाखाना, उपलब्ध आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि रसायनोपचार यांचा अंतर्भाव आहे.

तरीही अनेक स्त्रिया उशिरा येतात. गाठ दुखत नाही, म्हणून ती दुर्लक्षिली जाते. वस्तुतः कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखतच नाही. कोणी संकोचाने बोलत नाही. कोणी ऊसतोडणी संपू दे, मुलीचे लग्न उरकू दे, म्हणून दिवस पुढे ढकलते. मागावरील कामाचा खाडा नको, म्हणूनही तपासणी राहून जाते. या महिन्या-दोन महिन्यांत पेशींतील विकरे थांबून राहत नाहीत. शेवटी महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठावी लागते, तेव्हा तोच उपचार अधिक लांब, अधिक खर्चाचा आणि कमी खात्रीचा झालेला असतो.

स्तनात किंवा काखेत गाठ लागणे, कातडीला खळी पडणे, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे. अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. परंतु ते ठरविण्याचे काम तपासणीचे आहे, अंदाजाचे नव्हे. रोगाचे निदान झाल्यास गाठीच्या तुकड्याची ग्राहीविषयक तपासणी अवश्य करून घ्यावी, कारण संप्रेरकोपचार लागू पडेल की नाही हे त्यावरून कळते. घरात जवळच्या नात्यात हा रोग झाला असेल, तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. शंभरांतील एखादा रुग्ण पुरुषही असतो, हेही विसरू नये.

इचलकरंजीत कांडी भरणारी स्त्री सूत तुटल्याचे बोटांनाच ओळखते आणि तेथल्या तेथे गाठ मारून पुढे जाते. तुटलेले सूत तसेच राहिले, तर पुढे सारा कापडाचा तागा वाया जातो, हे तिला माहीत असते. आपल्या शरीराच्या बाबतीतही तिने हीच तत्परता दाखवावी आणि घरच्यांनी त्यासाठी तिला एक दिवसाची मोकळीक द्यावी. शास्त्रज्ञ पेशीतील गुंडाळी उलगडीत आहेत. त्यांच्या श्रमाचे फळ तिच्यापर्यंत पोचावयाचे, तर तिने वेळेत दवाखान्याची पायरी चढणे आवश्यक आहे.